संध्याकाळी परत फेराराला

आधी नकाशा फाटला, मग त्याच्यामागचा माणूस दिसला.

एप्रिल महिना होता. ओर्नेला मंडईतून सायकलवर परतत होती, हँडलला कांद्यांची पिशवी लटकवलेली. फेराराच्या त्या सपाट, ऐसपैस चौकात तिच्या सायकलच्या आड यावं असं काहीच नव्हतं. आणि तरीही ऐन मधोमध कुणीतरी अख्खा इटलीचा नकाशा उघडून उभं होतं.

"वाटेत उभं राहून वाचायला ते काय वर्तमानपत्र आहे?" ती पाय टेकत म्हणाली.

"माफ करा... किल्ला शोधत होतो."

"तुमच्या पाठीमागे आहे."

तो वळला. चार बुरुजांचा, लाल विटांचा, भोवती पाण्याचा खंदक असलेला किल्ला तिथेच होता. त्याचे कान लाल झाले... अगदी विटांसारखे.

"आमच्या जेनोवात एवढी मोठी वस्तू असली, तर ती नेहमी चढावर असते," तो म्हणाला. "मी आपला वर बघत होतो."

ओर्नेलाला हसू फुटलं. पुढे त्याने पत्ता विचारला तो नेमका तिच्या मावशीच्या निवासगृहाचा. तेव्हा तर तिला सायकलचं हँडल घट्ट धरावं लागलं.

त्याचं नाव लिव्यो. बंदरावरच्या कचेरीत नोकरी. आई साठीची झाली होती आणि जन्मात जेनोवाबाहेर पडली नव्हती. तिला, बहिणीला, मेहुण्याला आणि भाच्यांना देश दाखवायचा बेत होता, म्हणून तो आधी एकटाच पाहणी करायला आला होता.

"नऊ दिवसांत आठ शहरं," तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून अभिमानाने म्हणाला.

दिर्चेमावशी कणीक लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आईचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात जरा."

"मग ही सहल नाही बाबा, पलटण हलवणं आहे."

ओर्नेलाने टेबलावरच्या पिठात बोट फिरवलं. मावशीने कणकेत सारण भरून केलेल्या छोट्या टोप्यांपैकी एक तिने उचलून मधोमध ठेवली. "हे फेरारा. सामान इथेच राहू दे. ही पादुआ, ही बोलोन्या, ही रावेन्ना, ही मांतुआ. सकाळी निघायचं, एकच गाव बघायचं, दुपारी पोटभर जेवायचं आणि संध्याकाळी परत फेराराला. रोज तीच उशी. शहरं कुठे पळून जात नाहीत हो, माणसं दमतात."

लिव्यो टोप्यांकडे बघत होता... आणि थोडंसं तिच्या पीठ लागलेल्या बोटांकडेही. "आणि व्हेनिस?"

"व्हेनिस शेवटी. तिथे दोन रात्री राहा आणि तिथूनच घरी जा."

एवढ्यात मावशीने पादुआ उचलून उकळत्या रश्शात टाकली. "बोलत काय बसलात? सुकून जातील."

त्यानंतर उन्हाळाभर निवासगृहाच्या बोळातला फोन वाजत राहिला.

"रावेन्नाच्या स्टेशनावर बाकं आहेत का?"

"आहेत."

"पाठ टेकता येईल अशी?"

"आईंना पाठ टेकायची आहे, की तुम्हाला फोन लांबवायचाय?"

पलीकडून हळूच, "दोन्ही."

"हा सहल आखतोय की लग्न?" मावशी आतून विचारायची. ओर्नेला फोनवर तळहात धरायची, पण त्याला सगळं ऐकू जाईल इतपतच.

मावशीला घाई होती, कारण व्हास्कोच्या आईने ओर्नेलाला मागणी घातली होती आणि तिला उत्तर द्यायचं होतं. व्हास्को घड्याळजी, मुलगा सरळ, सायकल चकचकीत, घंटी दोन सुरांत वाजणारी. त्या काळी फेरारात कुणाचं कुणाशी जमलंय हे विचारावं लागत नसे. मुलगी मागे कॅरिअरवर बसली, तर चालवणारा भाऊ, मामा, शेजारी, कुणीही असू शकतो. पण ती पुढे दांडीवर बसली, त्याच्या दोन्ही हातांच्या मधे, की मग चर्चमध्ये लग्नासाठी नावं वाचली जायचीच काय ती बाकी. व्हास्कोने तीनदा दांडी रुमालाने पुसून पुढे केली होती. ओर्नेला तीनदा मुकाट्याने कॅरिअरवर जाऊन बसली होती.

"सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्या बाई येणार आहेत," मावशीने बजावलं. "तोवर ठरव. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मला तोंडघशी पाडू नकोस."

सप्टेंबरात जेनोवाची मंडळी येऊन थडकली. लिव्योची आई बीचेबाई ठेंगणी, गोल, तिखट जिभेची. फेरारातले सपाट रस्ते बघून ती दारातच म्हणाली, "अगबाई, इथे देवाने इस्त्री फिरवलीय की काय?"

पहिल्याच संध्याकाळी ओर्नेलाने लिव्योला विचारलं, "गावाच्या तटबंदीवरून चक्कर मारायची? मावशीच्या भाडेकरूची सायकल आहे, घ्या."

तो सायकलकडे असा बघत राहिला, जसा काही ती चावणार होती. "मला... येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल. आमच्याकडे सगळ्या पायऱ्या. जेनोवात एकच जण सायकल घेऊन खाली गेला म्हणतात, तो अजून वर आलेला नाही."

ओर्नेला इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "मग बसा माझ्या कॅरिअरवर."

तो बसला, गुडघे वर घेऊन. अख्ख्या रस्त्याने ते पाहिलं. व्हास्कोने दुकानातून दोन सुरांत घंटी वाजवली. उतरल्यावर लिव्योने चेहरा फिरवला आणि ओर्नेलाला आपल्या हसण्याचा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

सहल मात्र ठरल्याप्रमाणे चालली. सकाळी गाव, संध्याकाळी परत. भाच्यांना उन्हाची लाली चढली, मेहुणा रोज जेवणात नवी खोट काढी आणि ताट चाटून पुसून टाकी. पण लिव्योचं काही कळेना. मांतुआहून आला तो कोपराला पट्टी बांधून. रावेन्नाहून आला तो लंगडत.

"काय झालं?"

"घसरलो."

"रावेन्नात? कशावरून?"

"...फरशीवरून."

शनिवारी तर तो सगळ्यांना पोर्तोमाज्जोरेला घेऊन गेला. एक चौक, एक घड्याळ आणि भोवती बीटाची शेतं. फेरारातलं माणूससुद्धा तिथे कामाशिवाय जात नसे. या गावाचं नाव कुणी पिठावर मांडलं नव्हतं. ओर्नेलाला वाटलं, कंटाळला बिचारा. दिवस ढकलतोय.

त्या रात्रीच्या जेवणात तो तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला... आणि त्याने मीठ मागितलं.

रविवारी सकाळी ओर्नेला त्यांना पोहोचवायला स्टेशनावर गेली. व्हेनिसची गाडी उभी होती. लिव्यो बॅगा चढवत असताना बीचेबाईने तिचा हात धरून तिला बाजूला नेलं.

"पोरी, एक विचारू? रोज जेवण झालं की माझा मुलगा नाहीसा होतो. काल पोर्तोमाज्जोरेत मी बाकावर बसले होते. कोपऱ्यावरून कुणीतरी भाड्याच्या सायकलवरून आलं आणि धाडकन फळांच्या टोपल्यांत पडलं. बघते तर माझाच दिवटा. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा आणि लहान पोरासारखा सायकल शिकतोय." ती ओर्नेलाकडे रोखून बघत राहिली. "आमच्या घराला एकशेवीस पायऱ्या आहेत गं. तिथे सायकलीचं लोणचं घालायचं?"

ओर्नेलाच्या गालांवर ऊन आलं की आणखी काही, कोण जाणे.

शिट्टी झाली. लिव्यो खिडकीत आला. गाडी हलली तसा तो घाईने म्हणाला, "व्हेनिस... मी माझ्यापुरती योजना बदललीय. मंडळी राहतील तिथे. माझी एक दिवसाची सहल."

ती गाडीबरोबर चालू लागली. "म्हणजे?"

"म्हणजे संध्याकाळी परत फेराराला. नियम तुमचाच आहे."

दिवसभरात ओर्नेलाने दोन कप फोडले. संध्याकाळी व्हास्कोची आई रेशमी रुमाल बांधून आली. मावशीने वाइन ओतली, बिस्किटं मांडली आणि हाक मारली. ओर्नेला बाहेर आली ती खालच्या कोठारातली मावशीच्या नवऱ्याची जुनी सायकल ढकलत. काळी, जड, पुरुषी सायकल. तिची दांडी तिने ओल्या फडक्याने लख्ख पुसली होती.

व्हास्कोच्या आईने दांडीकडे पाहिलं. "ही कुणासाठी?"

"स्टेशनावर एक पाहुणे यायचेत," ओर्नेला म्हणाली. "व्हास्कोला सांगा, माझ्यामुळे खोळंबू नकोस. त्याच्या दांडीवर बसायला गावात पुष्कळ जणी आहेत... आणि मनापासून बसतील."

त्या बाईने पेला खाली ठेवला. "निदान तोंडावर सांगितलंस," ती म्हणाली, आणि तिने बिस्किट उचललं. मावशीने सुस्कारा सोडून दुसरी बाटली उघडली.

गाडी आली. एकटा लिव्यो उतरला. हातात बॅग नाही, फक्त तो फाटका, चिकटपट्टीने जोडलेला नकाशा. समोर ओर्नेला उभी होती. त्याने सायकल पाहिली, मग दांडी पाहिली, आणि जागीच थबकला.

"याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"मावशींनी फोनवर सांगितला होता. जुलैत."

"मावशींनी?"

"म्हणाल्या, आधी शीक, मग बोल."

ओर्नेला दांडीवर बसली. त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी हँडलवर आले. सायकल आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मग स्टेशनापासून किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या त्या लांब सरळ रस्त्याला लागली. झाडांखालून फिरायला निघालेली माणसं वळून बघू लागली. कुणीतरी टोपी उंचावली. घड्याळाच्या दुकानाच्या दारातून व्हास्कोने पाहिलं, पण त्याने घंटी वाजवली नाही.

"लिव्यो, किल्ला आला."

"दिसतोय. या वेळी समोरच आहे."

"मग थांब ना."

तिच्या केसांत त्याचा श्वास हसला. "थांबायचं अजून शिकलो नाही गं."

"मग फिरव खंदकाभोवती," ओर्नेला म्हणाली आणि मान मागे टेकून तिने डोळे मिटले. "घाई कुणाला आहे?"