ओळखीचे टाके

दिराच्या भाड्याच्या खोलीची वरची कडी तुटली, तेव्हा डबा घेऊन आलेल्या वहिनीनं त्याला पाठीशी घातलं आणि खालची कडी स्वतःच्याच हातानं काढली.

बाहेर वीसेक माणसं, तोंडाला फडकी, हातात सळया. काल सरकारी जनसुनावणीत दीर म्हणाला होता, कोळशाचं वीजकेंद्र पाच वर्षांत बंद करा, पण आधी कामगारांना सौर आणि पवनऊर्जेचं काम शिकवा... त्यातला 'बंद करा' एवढाच भाग वस्तीभर पोचला होता. मघाशी खिडकीतून आलेल्या दगडानं त्याची भुवई फाटली होती.

"वहिनी, बाजूला व्हा. आम्हाला फक्त तो हवाय."

"तोंडं झाकलीत रे, पण टाके माझेच आहेत." केंद्राचे गणवेश शिवून तिचे डोळे अधू झाले होते. "तुझी बाही मंगळवारी जोडली. आणि तू मागचा... दोनदा उसवलेली पँट घालून कुणाचं डोकं फोडायला वाकू नये."

कुणीतरी हसू दाबलं. सळया खाली आल्या. गर्दीमागून पुढे घुसलेली एक मात्र उठली, आणि ती दिराच्या डोक्यावर पडणार तोच तिनं मध्ये हात घातला... हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागून.

फडकं सुटलं. तिचा नवरा होता तो!

"याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं मी," तो म्हणाला, "आणि यानं माझ्याच पोटावर पाय दिला."

"मारायचं तर मला मार, दादा. बोललो ते माझं मीच बोललो."

"खोटं बोलतोय तो," ती भिंतीला टेकत खाली बसली. "मी बोलायला लावलं. वर्षानुवर्षं तुमची उशी धुतेय, त्या काळ्या थुंकीचा डाग निघत नाही... तुम्हाला सांगितलं की हसता. शेवटी त्याच्या पाया पडले मी. तुम्ही त्याला घरभेदी म्हणालात, तरी माझ्यासाठी तोंड मिटून बसला तो."

सळई खणकन पडली.

पोलिसांची जीप येताच बाकीचे पांगले. पोलिसांनी विचारलं, कुणी मारलं? ती 'पडले' म्हणणार, एवढ्यात नवरा पुढे झाला. "मी. भावाला मारायला आलो होतो."

दीर त्याच्याशेजारी जीपमध्ये चढला. "साहेब, दादाला जबाब देता येत नाही, नुसत्या शिव्या येतात."

शेजारीण तिचा हात फळीला बांधत होती. जीपमधून नवऱ्याचा घोगरा आवाज आला, "सूर्य मावळला की दवाखान्यातले पंखे काय तुझ्या भाषणावर फिरणार?"

"वीज साठवायची, दादा."

"कशात? नीट सांग."

आणि तो थांबला... उत्तर ऐकायला, आयुष्यात पहिल्यांदाच! इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा कुठे भरून आले.