तुळजेचं माप

मे महिन्यातला दुसरा शनिवार. तांबरमहून निघून साडेनऊला मी गिंडीला पोहोचले, तेव्हाच कुर्ता पाठीला चिकटला होता. कत्तिरी सुरू झाली होती. इथल्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात जळजळीत तीन-चार आठवड्यांना तसं म्हणतात.

काम साधं होतं. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचा छोटा कारखाना आहे. तिथे लहान मुलांसाठी कृत्रिम पाय बनवतात. मुलं वाढतात, म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांचं माप घ्यावं लागतं. नवा पाय न्यायचा आणि जुना परत आणून द्यायचा. ही मापं ज्या कॉम्प्युटरवर होती तो एप्रिलमध्ये जळला. मी स्वतंत्रपणे डेटाबेसची कामं घेते. नव्या सर्व्हरवर डेटाबेस इन्स्टॉल करायचा, बॅकअप भरायचा, चालू करून द्यायचा. फार तर तीन तास. सोमवारपासून एकेचाळीस मुलं येणार होती. जुनी मापं समोर असल्याशिवाय नवा पाय बेतता येत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी सगळे पाय तयार व्हायला हवे होते.

कारखान्यात त्या दिवशी एकटे रंगाराव होते. वय पासष्टच्या आसपास, अंगात खाकी एप्रन, कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी भुकटी. तीस वर्षं मापं घेण्याचं काम तेच करत आले होते. आईचा फोन आला म्हणून मी दोन मिनिटं बोलले आणि वळून पाहते तर ते हसत होते.

“तुम्ही मराठी बोलट्लां कीं, अम्मा! आम्हीं बी मराठीच. तंजावूरचे.”

सात वर्षांत चेन्नईत मी ही मराठी चार-पाचदाच ऐकली असेन. शब्द आपले, पण चाल तमिळ, वाक्याच्या शेवटी सूर वर चढणारा. त्यांनी मला स्टीलच्या टंबलरमध्ये कॉफी आणून दिली आणि ते परत आपल्या ओव्हनकडे गेले. तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. भिंतीवरच्या मांडणीत लहान-लहान पाय ओळीने उभे होते, प्रत्येकाला सुतळीने नावाची चिठ्ठी बांधलेली.

पहिल्या दोन अडचणी नेहमीच्या होत्या. डेटाबेसला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्हती, ती दिली. मग ज्या पोर्टवरून तो बोलणार, ते पोर्ट हजेरीच्या मशीनच्या प्रोग्रॅमने आधीच अडवून ठेवलं होतं. तो दुसरीकडे हलवला. साडेअकराला मी पुन्हा ‘स्टार्ट’ केलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. चाळीस सेकंदांनी विझला.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. काय केलं, कुठे अडलं, सगळं तो तिथे लिहितो. शेवटच्या ओळी अशा होत्या: मागच्या वेळची एक नोंद अर्धवट राहिली आहे. ती पूर्ण होण्याची वाट पाहत आहे. नोंद पूर्ण झाली नाही. बंद होत आहे.

एरवी हे मी मान्य केलं असतं. काम चालू असताना वीज गेली तर नोंद अर्धवट राहते आणि सर्व्हर उठल्यावर आधी तीच निस्तरतो. पण या सर्व्हरला ‘मागची वेळ’ नव्हतीच. तो आज खोक्यातून निघाला होता. डेटाबेस रिकामा होता. बॅकअपचा पेन ड्राइव्ह अजून माझ्या पर्समध्ये होता.

मी सगळं पुसलं, डिस्क कोरी केली, पुन्हा इन्स्टॉल केलं. चाळीस सेकंद. तीच ओळ.

नेटवर्कची केबल काढली. तीच ओळ. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तोच डेटाबेस टाकून पाहिला. लॅपटॉपवरही तीच ओळ आली.

मग ती अर्धवट नोंद उघडून पाहिली. क्रमांक ४१२. नाव तुळजा. पाय डावा. तारीख आजची. खाली मापांचे सहा रकाने. सहाही रिकामे.

“रंगाराव, तुळजा म्हणून कोणी मुलगी आहे का तुमच्याकडे?”

ते नळाखाली हात धूत होते. पाणी तसंच वाहू देत त्यांनी विचारलं, “आज तारीख किती?”

मी सांगितली.

“होय कीं,” ते म्हणाले. “सहा महिने झाले.” आणि नळ बंद केला.

ते जे बोलले ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते. तुळजा जन्मली तीच डाव्या गुडघ्याखाली पाय नसलेली. दीड वर्षाची असताना आई तिला कडेवर घेऊन इथे आली. पहिला पाय रंगारावांनी केला, वीतभर लांबीचा. त्यानंतर तिचे सगळेच पाय त्यांनी केले. तीन वर्षांपूर्वी, आठ वर्षांची असताना, तापाने चार दिवसांत गेली.

मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि बॅकअपची फाइल लॅपटॉपवर नुसती वाचायला उघडली. चारशे बारा. आठव्या वर्षीची शेवटची नोंद, उंची एकशे एकवीस. शेरा: ‘मृत.’ त्याच्याखाली आणखी पाच नोंदी होत्या, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. एकशे चोवीस. एकशे सत्तावीस. एकशे तीस. एकशे तेहेतीस. एकशे छत्तीस.

माणूस दुःखात काय-काय करतो हे मला माहीत आहे. माझे वडील गेल्यावर आईने वर्षभर त्यांचा मोबाइल चार्ज केला होता. म्हणून मी आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

“ही मापं तुम्ही लिहिलीत?”

“मींच लिहिलीं.”

“अंदाजाने?”

पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दुखावल्यासारखं दिसलं. “माप अंदाजानं घेत नाहींत, अम्मा. अर्धा सेंटीमीटर चुकला तर पोर लंगडतें.”

मी ट्रस्टच्या मॅनेजर हरिप्रिया मॅडमना फोन लावला. आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हणाले की एका वारलेल्या मुलीची नोंद आडवी येतेय. त्या हळहळल्या. म्हणाल्या, ती ताबडतोब काढा. सर्व्हर चालू झाला की पालकांना मेसेज आपोआप जातात. त्या आईला ‘मुलीला मापाला आणा’ असा मेसेज गेला तर किती वाईट! त्यांचं अगदी बरोबर होतं.

अर्धवट नोंद टाकून देऊन सर्व्हरला जबरदस्तीने उठवता येतं. एका ओळीची आज्ञा असते. मी ती टाइप केली. रंगाराव दारात उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही, विनवलं नाही. एप्रनच्या खिशातून मापाची पट्टी काढली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडवली.

“गेल्या खेपेला हें त्या कॉम्प्युटरला बी झालें होतें,” ते म्हणाले. “तेव्हांच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानें पुसून टाकट्लें. मग दुपारभर मांडणीवरचे पाय पडत होते. अस्के नाहीं, सगळे नाहीं. तिच्याएवढ्या पोरांचेच. उचलून ठेवलें कीं पुन्हा.”

“मग?”

“मग माप घेतलें.”

माझं बोट ‘एंटर’वर होतं. तेवढ्यात बाहेरचं लोखंडी दार वाजलं.

आलेल्या बाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या होत्या. सुती साडी, केसांत मोगऱ्याचा तुकडा, उन्हाने लाल झालेला चेहरा, हातात कापडी पिशवी. रंगारावांनी त्यांना पाणी दिलं. “बस, सईबाई. ह्या विद्युलताबाई. कॉम्प्युटर लावायला आल्यात.”

“ही तुळजेची आई,” ते मला म्हणाले. मी उठून उभी राहिले.

“सकाळीं मेसेज आला,” त्या म्हणाल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. तमिळमध्ये दोन ओळी होत्या: तुळजेचं माप घ्यायची वेळ झाली आहे, जुना पाय सोबत आणावा. वेळ दहा वाजून बारा मिनिटं. दहा वाजून बारा मिनिटांनी मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून प्लगचा बोर्ड शोधत होते. सर्व्हर अजून खोक्यातच होता.

सईबाईंनी पिशवीतून पाय काढून टेबलावर ठेवला. गव्हाळ रंगाचा, छोटा, चिठ्ठीवर नोव्हेंबरची तारीख. मी तो हातात घेतला. टाचेचं रबर बाहेरच्या बाजूने पार झिजलं होतं. तळव्याच्या भेगांत वाळू होती. घोट्याच्या वर फुलपाखराचा चकचकीत स्टिकर चिकटवला होता, एका कोपऱ्यात नखाने खरवडलेला.

“धांवतें फार,” सईबाई म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात, पण तोंडभर माया. “मी दाराशी चपलांत ठेवतें. कधी असतो जाग्यावर, कधी नसतो. स्टिकर कुठून आणतें, देव जाणे.”

“तुम्हांला ती दिसते?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या रागावल्या नाहीत. “पाय घट्ट होत असंल हो तिला,” एवढंच म्हणाल्या. “दोन आठवडे झाले, उंबऱ्यांत काढून टाकतें.”

मी ती आज्ञा पुसली. एक-एक अक्षर मागे नेत.

मी माझ्या व्यवसायात चौदा वर्षं आहे. कारण कळल्याशिवाय मी काही दुरुस्त झालं असं म्हणत नाही. तरी त्या दिवशी मी लॅपटॉप उचलला, मापाच्या खोलीत नेला आणि तुळजेच्या सहा रकान्यांपुढे तयार होऊन बसले.

खोली लहान आहे. एक बाक, भिंतीवर उंचीची पट्टी, जमिनीवर रबरी चटई. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने मापाची पट्टी हलते. सईबाई बाकावर बसल्या. रंगाराव चटईपाशी उकिडवे बसले आणि काम करू लागले; कुठलंही नाटक नाही, कुठला मंत्र नाही. पट्टी लावत होते, आकडा वाचत होते, सांगत होते.

“उंची, एकशे एकोणचाळीस.”

मी लिहिलं.

“वाढलीस गं,” ते हळूच म्हणाले. मला नव्हे.

गुडघ्याचा घेर. त्याखालचा घेर. उरलेल्या भागाची लांबी. उजव्या पावलाची लांबी. पाच रकाने भरले. प्रत्येक वेळी पट्टी हवेत ताणलेली असायची. तिची मधली गोलाई कशाभोवती तरी बसल्यासारखी टिकून राहायची.

पुढचं आधीच सांगून टाकते. सर्व्हर त्या दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी चालू झाला, सहावा रकाना भरल्याबरोबर. त्याच्यावर बॅकअप बिनबोभाट चढला. सोमवारी एकेचाळीस मुलं आली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आपापल्या पायांवर शाळेत गेली. सर्व्हर त्यानंतर एकदाही अडलेला नाही. रिपोर्टमध्ये मी ‘प्रलंबित नोंद पूर्ण केली, सेवा सुरळीत’ असं लिहिलं. हरिप्रिया मॅडमना खोटं सांगितलं नाही, सगळंही सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी बोलावलं नसतानाही मी गिंडीला गेले. यापुढेही जाईन.

ते सहावं माप मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही.

चांगल्या पायाची, टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची घ्यायची होती. त्याला दोन माणसं लागतात. रंगाराव म्हणाले, “अम्मा, पट्टीचें टोक खाली धरा जरा. मदतनीस आज सुट्टीवर.”

मी चटईवर गुडघे टेकले, वाकले आणि पट्टीचं टोक जमिनीवर दाबून धरलं.

माप देताना मुलांचा कृत्रिम पाय काढलेला असतो. एका पायावर तोल राहत नाही. मग समोर जो वाकलेला असेल त्याचा ती आधार घेतात.

माझ्या उजव्या खांद्यावर वजन आलं.

फार नाही. पाच बोटं, घामट, गरम. अंगठा गळ्याच्या हाडापाशी. रंगारावांनी पट्टी वर ताणली तशी बोटं जरा आवळली गेली.

मी खांदा हलू दिला नाही.

“बेचाळीस आणि अर्धा,” रंगाराव म्हणाले.

मागून, बाकावरून, सईबाईंचा आवाज आला. कुठलीही आई चारचौघांत बोलते तसा, जरासा संकोचलेला.

“सोड गं आतां. बाईंना भार होईल.”

बोटं एक-एक करून सुटली.