बटणांच्या दुकानाचं दार

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती, तर निदान स्वतःला जरा बरं रंगवलं असतं.

मंगळवार होता. दुपारचे चार. संग्रहालयाचा पहिला मजला, फोटो दुरुस्तीची खोली. भुतं रात्री येतात म्हणे. इथे खिडकीत चांगलं ऊन होतं आणि खालून चहाच्या कपांचा आवाज येत होता.

माझं काम जुने फोटो साफ करायचं. युद्धाच्या आदल्या वर्षी कुणा फोटोग्राफरनं आमच्या शहराच्या बाजाररस्त्याचे काचेवर फोटो घेतले होते. त्यातलं एकही दुकान आज उभं नाही. त्या काचांवरून मोठे फोटो करून प्रदर्शन लावलं होतं. ओरखडे, बुरशी, डाग मी संगणकावर काढले. माझा हात इतका साफ की ऑफिसात मला 'इस्त्री' म्हणतात. मला ते आवडायचं.

त्या फोटोग्राफरच्या जुनाट कॅमेऱ्यापुढे काही सेकंद न हलता उभं राहावं लागे. जो हलला त्याचा धूर व्हायचा, नुसता पांढुरका पट्टा. बटणांच्या दुकानाच्या दारात असाच एक पट्टा होता. त्याच्या खाली मात्र एक लहानसा पाय स्वच्छ उमटला होता, चपलेसकट.

तो पाय मला दिसला होता. हे आधीच सांगून टाकतो.

माणसांना हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण त्या धुरानं दुकानाची सुरेख पाटी झाकली जात होती. मी पट्टा पुसला. मग नुसता पाय विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही पुसला.

साहेबांनी पाठ थोपटली.

तर त्या मंगळवारी एक आजी जिना चढून थेट माझ्या खोलीत आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या, बोटांची टोकं सुईनं खडबडीत झालेली. बटणांच्या दुकानाच्या फोटोपुढे त्या भिंग घेऊन तासभर उभ्या होत्या म्हणे. फोटो काढला तेव्हा त्यांची मोठी बहीण त्या दारात होती. दहा वर्षांची. चपलेचा पट्टा तुटलेला, म्हणून एक पाय फरपटत चालायची. फोटोग्राफरनं हलू नको म्हणून बजावलं होतं, पण रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या धाकटीला, म्हणजे आजींनाच, हाक मारायला ती वळलीच. पुढच्या वर्षी युद्ध आलं. पाणी आणायला गेलेली ती परत आली नाही. घरही जळालं. तिचा एकही फोटो उरला नाही.

"दारात कुणीतरी असेल बघ, बाळा. पुसट का होईना."

साहेब शेजारच्याच खोलीत होते. खरं सांगितलं असतं तर नोकरीवर आलं असतं.

"नाही आजी," मी म्हणालो. "दार रिकामंच होतं."

"मग माझंच चुकत असेल," त्या म्हणाल्या. वेळ घेतल्याबद्दल माझी माफीही मागितली. त्यांनी. माझी.

त्या गेल्यावर मला बसवेना. गुपचूप तो धुरकट पट्टा परत आणू, आजींना उद्या बोलावू, असं ठरवून मी काचेच्या स्कॅनची मूळ फाईल उघडली. तिला मी कधीच हात लावला नव्हता.

दार... रिकामं.

कपाटातून काच काढली. खिडकीच्या उजेडात धरली.

काचेवरही... रिकामं.

काच उलटी करून पुन्हा पाहिली. आणि तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये...

टक.

मग... फर्र.

टक... फर्र...

माझ्या दारापाशी येऊन आवाज थांबला. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीतून आजींचा पत्ता काढला. पूर्ण रस्ताभर तो आवाज दोन पावलं मागे होता. मी थांबलो की थांबायचा. आजींनी मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली. मी एका दमात बोलून टाकलं.

"आजी, मी खोटं बोललो. तुमची बहीण त्या फोटोत होती. मीच तिला पुसलं."

 लहान मुलाची समजूत घालावी तशा त्या हसल्या.

"कुणाची बहीण, बाळा? मी तर एकुलती एक. ते दुकान डोळ्यांनी बघावं म्हणून आले होते. मी एवढीशी असताना तिथलं एक लाल बटण मला कुणीतरी आणून दिलं होतं."

"कुणी?"

त्या बराच वेळ आठवत बसल्या.

"कुणी बरं..."

मला लाज वाटली. इतकी की पाणीही न पिता उठलो.

याला चार महिने झाले. आता ती मुलगी होती हे जगात फक्त मला माहीत आहे. म्हणून इथे लिहितोय. निदान तुम्हालाही माहीत असावी.

आवाज अजून येतो. बहुतेक दुपारीच. दारापाशी येतो आणि थांबतो. ती चिडलेली नाही, एवढं मला आता कळतं. कुणीतरी हाक मारून आत बोलवावं, एवढीच वाट बघत असावी.

मी बोलावलंही असतं.

आजींनी त्या दुपारी तिचं नाव तीनदा घेतलं होतं. पण साहेब ऐकत तर नाहीत ना, तिकडेच माझे कान लागले होते.