आकाश भाकरीएवढं

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही एका खोल विहिरीच्या तळाशी उभे आहात असं समजा.

आता मान वर करा. आकाश केवढं दिसतं?

जेवढं दिसलं, तेवढं लक्षात ठेवा.

ही गोष्ट खरी आहे. १९९९च्या जानेवारीतली. लोणी भापकरजवळच्या एका वस्तीवर, सावळाराम गुरुजींच्या ओसरीत, भर दुपारी घडलेली.

गुरुजी वस्तीवरच्या मुलांना तारे ओळखायला शिकवत. त्यांचा जुना विद्यार्थी सौरभ त्या दिवशी पुण्याहून एक संगणक आणि पाच फ्लॉप्या घेऊन आला. आकाशात काय दिसलं, कुणी पाहिलं, हे लिहून ठेवायचा प्रोग्रॅम होता तो. इंटरनेटसारखी पानं उघडायची, पण सगळा कारभार त्या एका डब्यात. फोनची तारसुद्धा जोडलेली नव्हती.

सौरभनं तो बसवला, चालवून दाखवला आणि जेवायला गेला. संध्याकाळी तो मुलांची यादी नेणार होता. यादीत नाव असेल त्यालाच पुण्याच्या मोठ्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायला मिळणार होती.

शेळ्यांना पाणी पाजून नकोशी धावतच आली. अकरा वर्षांची. घरातली चौथी मुलगी.

"गुरुजी, माजं नाव आदी घाला की!"

"घालतो गं. ही काय तुझी शेळी आहे, हुर्र केलं की पळायला?"

गुरुजींनी एका बोटानं नाव लिहिलं. बटण दाबलं.

'हे नाव आधीच नोंदलेलं आहे.'

गुरुजी हसले. तासाभरापूर्वी बसवलेला कोरा प्रोग्रॅम...

त्यांनी यादी उघडली.

एकच नाव होतं. नकोशी.

त्याखाली नोंदी. पानामागून पानं...

ठिकाण: विहीर. वेळ: दुपारी बारा. आकाश: भाकरीएवढं. सोबत: कुणी नाही.

पुढची नोंद तीच. त्यापुढचीही तीच.

सगळ्यात जुनी १९८६ सालची.

गुरुजी तिच्याकडं वळले. "नकोशे, ही कोण गं?"

नकोशीनं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"माजी थोरली बहीण आसंल. ती बी नकोशीच व्हती. हिरीत पडली. मग मी झाले. आई म्हनली, आता आनि नवं नाव कशाला वाया घालवायचं..."

गुरुजींनी शेवटची नोंद उघडली.

आजची. दुपारी बारा.

आकाश: भाकरीएवढं. काय दिसलं: वरून कुणीतरी डोकावलं. माझ्यासारखंच.

"तू आज विहिरीत वाकून बघितलंस?"

"व्हय. आजच. कुनीतरी हाक मारली, म्हनून."

"काय म्हणून हाक मारली?"

"नकोशी म्हनून."

बाहेर शेळ्या ओरडायच्या थांबल्या होत्या...

"हे सगळं पुसून टाकू," गुरुजी घाईनं म्हणाले. "तुझं नाव घालू. शनी बघायचाय ना तुला?"

त्यांचं बोट बटणाकडं गेलं. नकोशीनं त्यांचं मनगट धरलं. तिचा हात गार होता. ओला.

"नगा पुसू, गुरुजी. ते नाव तिचंच हाय."

"मग तुझं काय?"

कीबोर्ड तिनं स्वतःकडं ओढला. आजच्या नोंदीत 'सोबत'च्या पुढचं 'कुणी नाही' एकेक अक्षर करत खोडलं.

आणि गुरुजी तिचा हात धरायच्या आत तिनं तिथं लिहिलं...

'मी.'