चंदरचा खण

माझं सुतारकामाचं वर्कशॉप उल्हासनगर कॅम्प चारला होतं. शेजारी एका सिंधी शेठचं प्लायवूडचं दुकान. ऐंशीच्या दशकात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सनमायका आणि पितळी हँडल मागायचं. म्हणून भिमाबाईंची मागणी माझ्या लक्षात राहिली. त्यांना कपड्यांसाठी लाकडी खणांचं कपाट हवं होतं. एकावर एक चार खण, पण हँडल एकही नको.

"पोरगं लई धडपडतं हो," त्या म्हणाल्या. "कपाळाला लागंल."

नवरा बबन अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. बुवापाड्यातली खोली सोडून ते सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये जाणार होते. बुटक्या भिमाबाई बोलताना सारख्या मागे वळून बघत होत्या, कारण त्यांचा चार वर्षांचा चंदर भुशाच्या ढिगात बसून स्वतःच्या डोक्यावर भुसा ओतून घेत होता.

मी खडूनं फरशीवर डिझाईन काढलं. सरळ रेषा, गोल कोपरे, नक्षी अजिबात नाही. हँडलऐवजी प्रत्येक खणाच्या वरच्या कडेला बोटं घालायला खाच. असं काम मी कधी केलं नव्हतं, पण मनात फार दिवस होतं. चंदर येऊन खडूच्या रेषांवर उभा राहिला.

"खालचा माझा," तो म्हणाला.

त्याची बोटं धरून मी खालच्या खणाची खाच आखली.

सागवान कापून झालं, सांगाडा उभा राहिला, आणि चंदरला ताप आला. मेंदूत गेला, डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलमधून तो परत आला नाही. आता हे काम राहिलं असं समजून मी फळ्या भिंतीला लावून ठेवल्या. पण थोड्या दिवसांनी भिमाबाई एकट्याच आल्या. भिंतीला लावलेल्या फळ्यांवरून त्यांनी हात फिरवला.

"पुरं करा, रघुभाऊ. त्याचा खण हाय तसाच ठेवा."

मी केलं. पॉलिशचे हात देताना खालची खाच मी शेवटी घ्यायचो. सोनिवलीला कपाट मीच पोचवलं. खालच्या खणात भिमाबाईंनी चंदरच्या चड्ड्या, शर्ट, एक लोकरी टोपी घडी करून ठेवली. बबन गॅलरीत तोंड फिरवून उभा होता.

दोनेक वर्षांनी बबन वर्कशॉपवर आला. "एक खण बसलाय. बघून जा."

पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेच असेल म्हणून मी रंधा घेऊन गेलो. खालचा खण सहज उघडला. तो रिकामा होता. अडकला होता त्याच्या वरचा. जोर लावून ओढला तर आत चंदरचे कपडे, नीट घड्या केलेले. खाचेतलं पॉलिश झिजून लाकूड पांढरं पडलं होतं. रोज हात लागला की पडतं तसं.

"तू हलवलेस?" बबननं बायकोला विचारलं.

"मी कशाला हलवू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "खालचा उघडायला त्याला वाकावं लागतं आता. उंच झालाय."

बबन माझ्यामागोमाग जिना उतरला. खाली आल्यावर त्यानं माझा दंड धरला.

"हे घेऊन जा, रघुभाऊ. ही वेडी होईल, नायतर मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेम्पो नेला. भिमाबाई कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण त्यानं मग कपडे ठेवायचे कुठं?"

मग बबननंच टेम्पोवाल्याला हात केला, रिकामाच परत जा म्हणून. त्यानंतर तो फार दिवस त्या घरात राहिला नाही. बुवापाड्यात भावाकडे गेला. "तिच्यावर राग नाय," मला एकदा स्टेशनबाहेर भेटला तेव्हा म्हणाला. "मला तो दिसत नाय, रघुभाऊ. तिला दिसतो. कसं राहू?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, एका उन्हाळ्यात, भिमाबाईंचा निरोप आला. कपाटाच्या वर आरसा लावायचा होता. घरात त्या एकट्याच होत्या. केस पांढरे झालेले, पण घर लख्ख. खालच्या तिन्ही खणांच्या खाचा झिजल्या होत्या. आता वरच्याचंही पॉलिश उडत चाललं होतं.

त्यांच्या उंचीचा अंदाज घेऊन मी भिंतीवर पेन्सिल टेकवली.

"वर घ्या."

मी वर घेतली.

"अजून."

पेन्सिल माझ्या कपाळाच्या वर गेली.

"हां, तितं. वाकून भांग पाडताना पाठ भरून येते त्याची."

मी तिथंच खूण केली. त्या चहा ठेवायला आत गेल्या. स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

खिळा ठोकायला मी हात वर नेला, तेव्हा कपाटाशेजारच्या भिंतीकडे लक्ष गेलं. फिकट हिरव्या डिस्टेंपरवर तेलकट डाग होता. भिंतीला डोकं टेकून कुणी रोज उभं राहिलं की पडतो तसा.

माझ्याही डोक्याच्या वर.

मी बोट लावलं.

बोटाला खोबरेल लागलं. कोमट होतं.