नेलची शेवटची संधी

"बोटीचा बॉयलर निवला. आता सांगतो, पण मधेच कोणी उठायचं नाही," तामती काका म्हणाले. बोटीवरची पोरं धक्क्यावरच्या खोलीत दाटीवाटीनं बसली होती. "पलीकडच्या फार्मवरचा मेंढपाळ फर्गस, त्याला तुम्ही ओळखता. हे त्याच्याच तोंडचं आहे. माझं तिखटमीठ काही नाही."

मार्चमधला शेवटचा शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाला बोट पर्यटकांना घेऊन तळ्यापलीकडे गेली. नेहमीचाच बेत: भाजलेलं मटण खायचं, लोकर कातरताना बघायचं, मग कुत्र्यांचं मेंढ्या वळवायचं काम, आणि परत.

फर्गसला मात्र त्या दिवशी नेलला शेवटची संधी द्यायची होती. नेल ही त्याच्या जोडीच्या मेंढपाळाची, ॲलिस्टरची कुत्री. तीन आठवड्यांपूर्वी मेंढे डोंगरावरून उतरवताना ॲलिस्टर धुक्यात हरवला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून नेल कोणाच्याच शिट्टीला उठत नव्हती.

"आज उठली नाही तर उद्या सकाळी गोळी घालायची," मॅनेजर शोना म्हणाली. "आणि असा बघू नकोस माझ्याकडे. बसून खाणारं कुत्रं कोण पोसणार?"

"मी पोसतो."

"तू स्वतः तरी धड जेवतोस का रे?"

जेवत होता, झोपतही होता. पण त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. धुक्यात वरच्या माणसाला हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, हा मेंढपाळांचा नियम. फर्गसनं हाक मारली होती. उत्तर आलं नाही. थंडी मी म्हणत होती, तो उतरून आला. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

आठ वाजले. उजेड सरत आला होता. पर्यटक कुंपणाला टेकून उभे राहिले. फर्गसनं तोंडात बोटं घालून शिट्टी दिली. नेल पंजांवर डोकं ठेवून पडून राहिली. त्यानं पुन्हा शिट्टी दिली.

"संपावर गेलीय वाटतं!" कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

तिसऱ्यांदा त्याची बोटं तोंडापर्यंत गेलीच नाहीत. संपलं, असं त्याच्या मनात आलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

आणि शिट्टी वाजली.

वरून. डोंगरावरून. दोन तुटक, एक लांब. ॲलिस्टर द्यायचा तशी.

नेल उठली.

"अगबाई, वर कोण आहे?" कॅनडाहून आलेल्या एका बाईनं विचारलं.

नेलनं कुंपणावरून उडी घेतली. वाटेला लागली. दिसेनाशी झाली.

पुन्हा शिट्टी. आणखी वर...

फर्गसनं तोंडाभोवती हात धरून हाक मारली.

"ॲलिस्टर...!"

उत्तर नाही.

बोटीचा भोंगा झाला. लोक गेले. शोनानं त्याला घरात बोलावलं. तो हलला नाही. दहा वाजले. बारा. दव पडलं. पाय बधिर झाले. तो तिथेच उभा होता. हाक मारत होता... थांबत होता...

उजाडताना शोना धावत आली. "फर्गस, चल. मागच्या वाड्याकडे चल."

लोकर कातरायच्या शेडमागच्या वाड्यात अकरा मेंढे उभे होते. त्या दिवशी ॲलिस्टरबरोबर धुक्यात हरवलेले, तेच. नेल वाड्याबाहेर आडवी पडली होती, पंजे सोललेले, धापा टाकत. फर्गसनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडला. शोनानं बंदुकीतली गोळी काढून घेतली.

काका थांबले.

"एवढंच?" एक पोरगा म्हणाला. "हुशार कुत्री आहे काका, आणेल की मेंढे."

"आणेल ना. कुठूनही आणेल." काकांनी कंदील उचलला. "पण ना शोनानं हात लावलेला, ना फर्गसनं, तरी वाड्याच्या फाटकाला बाहेरून साखळी घातलेली होती."