नऊ नंबरची पेटी

लाईट आता तासभर तरी यायची नाही. महाडात एवढा वारा सुटला की हे ठरलेलंच. बसा, दिवा जरा अलीकडे ओढते. करंजटेपचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. पण पेपरात अर्धंच आलं होतं. उरलेलं अर्धं मी आजवर दोघांनाच सांगितलंय.

मुंबईत सात वर्षं मी सर्व्हर सांभाळायचं काम केलं. मग इकडे परत आले आणि एसटी डेपोच्या मागे हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या ऑगस्टमध्ये दीपकसरांचा फोन आला. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये डोंगर सरकतो का ते मोजण्याचा एक प्रकल्प होता, त्याचे ते मुंबईतले इंजिनियर. करंजटेप वाडीच्या वरच्या उतारावर जमिनीत पेट्या पुरल्या होत्या. जमीन किती कलली ते प्रत्येक पेटी सर्व्हरला कळवायची आणि सर्व्हर ते लिहून ठेवायचा. कल तीन अंशांच्या वर गेला की सायरन आपोआप वाजणार, अशी ती सगळी रचना.

"शर्मिला, सर्व्हर चालू दिसतोय, पण लॉग येत नाहीयेत. जाऊन बघून ये," सर म्हणाले.

लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. कधी काय झालं, ते यंत्र त्यात ओळीओळीने लिहितं. असली कामं मी महिन्यातून चार करते. डबा घेतला, लॅपटॉप घेतला आणि सकाळी सहाच्या गाडीने निघाले.

पोलादपूरच्या पुढे घाटात धुकं एवढं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालत गेले. पाऊस नव्हता. वारा नव्हता. कोंबडं नाही, कुत्रं नाही. ओल्या मातीचा वास मात्र एवढा दाट होता, की नुकतंच कुणीतरी खोल खणून ठेवलंय असं वाटावं.

बंद पडलेल्या बालवाडीच्या खोलीत सर्व्हर ठेवला होता. तिथली देखरेख रावजी सकपाळांकडे. साठीचे, शांत गृहस्थ. मी पोचले तेव्हा नऊ वाजत होते. भिंतीवर एक दिवा होता, धोका नसला की हिरवा आणि असला की लाल. तो हिरवा होता.

"हा दिवा कधी लाल झाला का?" मी विचारलं.

"नाय वो ताई. रोज बघतो मी. हिरवाच हाय."

मी सर्व्हरसमोर बसले. लॉग लिहिणारी सेवा, म्हणजे मागे सतत चालत राहणारा प्रोग्रॅम, मेलेली होती. उठवली, तर दोन सेकंदांत पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. मग डिस्क तपासली आणि कारण सापडलं. लॉगचा कप्पा शंभर टक्के भरला होता. एकाच फाइलने सगळी जागा खाल्ली होती. लिहायला पान उरलं नाही म्हणून रोजनिशी बंद पडली होती, आणि त्याला अकरा दिवस झाले होते.

मग मला सायरन आठवला. सायरनचा प्रोग्रॅम पेट्यांशी थेट बोलत नव्हता, तो लॉग वाचायचा. लॉगमध्ये ओळच नसेल तर तो काय समजणार? सगळं ठीक आहे. अकरा दिवस त्या हिरव्या दिव्याखाली त्रेसष्ट माणसं निर्धास्त झोपत होती.

असली फाइल नुसती उडवून भागत नाही. कुठलातरी प्रोग्रॅम तिला धरून बसलेला असतो. नाव जातं, जागा सुटत नाही. मी शेवटच्या हजार ओळी पेन ड्राइव्हवर घेतल्या, फाइल आतून रिकामी केली, फोल्डरच्या बिघडलेल्या परवानग्या नीट केल्या. अर्धवट लिहून खराब झालेल्या नोंदी बाजूला काढल्या आणि एकेक सेवा क्रमाने उठवली. साडेदहाला पहिली ओळ उमटली. मग दुसरी. पेटी एक, पेटी दोन, पेटी तीन... एखाद्याचा अडकलेला श्वास सुटावा तशा ओळी यायला लागल्या. मी खुर्चीतच टाळी वाजवली. रावजीही हसले.

पेटी चारचा कल १.२ होता. म्हणजे जमीन हलली होती, पण धोक्याच्या खाली. बाकीच्या जवळजवळ शून्यावर. मग जागा खाल्ली कुणी? मी पेन ड्राइव्हवरच्या ओळी उघडल्या. हजारच्या हजार ओळी एकाच पेटीच्या होत्या. सेकंदाला शेकडो. ओरडून ओरडून घसा बसावा, तसं त्या पेटीने आपल्याच ओळींनी रोजनिशीचा गळा दाबला होता.

"रावजीकाका, ही नऊ नंबरची पेटी कुठे आहे? बिघडलीय ती."

रावजी चहा गाळत होते. त्यांचा हात थांबला.

"नऊ नाय. आठच हायत पेट्या."

"इथे नऊ लिहिलंय."

ते जवळ आले. पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला होता.

"होती नववी. पार वर, कड्याच्या खाली. गेल्या पावसात चांगू बॅटरी बदलायला गेला व्हता तिथं. रंगूकाकीचा पोरगा. तेवढा तुकडा खाली आला... पेटी गेली, नि चांगू पन. दोन्ही घावलं नाय."

मी पुन्हा पडद्याकडे वळले. पडद्यावर खाली एक नवी ओळ आली होती. पेटी नऊ, कल १.७.

आता ती सेकंदाला शेकडो ओळी पाठवत नव्हती. मिनिटाला एक, सावकाश. कुणीतरी ऐकायला बसलंय हे कळल्यासारखी.

मी दीपकसरांना फोन लावला. ते वैतागले. "जुन्या नंबराचा कचरा असेल कुठलातरी. ब्लॉक कर. आणि हे बघ, सायरनला हात लावू नकोस. जूनमध्ये खोटा वाजला, दिवसभर माणसं पावसात उभी राहिली. पुन्हा तसं झालं तर प्रकल्प बंद होईल."

मी नऊ नंबर ब्लॉक केला; सायरनच्या यादीतून तो वर्षापूर्वीच काढलेला होता, म्हणून त्याच्या ओळींनी सायरन वाजणार नव्हता. तपासलं, नऊ नंबरची आत यायची वाट पक्की बंद होती. एक मिनिट गेलं.

पेटी नऊ, कल १.७.

मग मी ओळीच्या सुरुवातीची वेळ पाहिली. अकरा एकेचाळीस. मोबाइलमध्ये पाहिलं, दहा एकेचाळीस. सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं. बाकी आठ पेट्यांच्या वेळा बरोबर होत्या. नऊ नंबर तेवढी बरोब्बर एक तास पुढे होती.

घड्याळ चुकलेलं यंत्र मी शेकड्याने पाहिलंय. म्हणून मी कागद घेतला आणि नववीच्या ओळी वेळेसकट उतरवत गेले. अकरा पंचेचाळीस, १.८. अकरा पन्नास, १.९. खोलीत पंख्याचा आवाज आणि रावजींचा श्वास, एवढंच. धुकं खिडकीच्या गजांतून आत आलं होतं. तासभर मी तशीच आकडे उतरवत राहिले, कारण दुसरं तपासायला काहीच उरलं नव्हतं.

अकरा एकेचाळीसला पेटी चारची ओळ आली. कल १.७.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. अकरा पंचेचाळीसला चार नंबर १.८. अकरा पन्नासला... १.९.

माझ्या हातातल्या कागदावर हे आकडे तासापूर्वी लिहिलेले होते. माझ्याच अक्षरात.

तेवढ्यात नववीची ओळ आली. वेळ, बारा पन्नास. कल, नव्वद.

नव्वद म्हणजे उभी पेटी आडवी. त्यानंतर ओळ आली नाही. एक मिनिट थांबले, दोन मिनिटं थांबले. काहीच नाही.

"रावजीकाका," मी म्हटलं, "बारा पन्नासला डोंगर येणार आहे."

त्यांनी का, कसं, काही विचारलं नाही. खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं. "चांगू सांगतोय?"

"माहीत नाही. पण आकडे खरे आहेत."

भिंतीवरची सायरनची झाकणबंद कळ मी उघडली. माझं नाव, माझं काम, सगळं त्या कळीखाली होतं हे मला कळत होतं. दाबली. सायरन धुक्यात असा काही ओरडला की माझ्याच अंगावर शहारा आला.

कुणी बाहेर आलं नाही. जूनचा अनुभव होता ना. एका दारातून आवाज आला, "परत बिघडला काय रं ह्यो?" मग आम्ही दोघं दारोदार फिरलो. रावजी ओरडत होते, "दीपकसायबाचा नाय, माझा शबूद हाय! पोरं उचला, ओढ्यापल्याडच्या शाळेत चला!" रावजी आयुष्यात कधी ओरडलेले नव्हते म्हणे. त्या आवाजानेच माणसं उठली. बाया पोरांना काखेत घेऊन निघाल्या, कुणी म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं, गुरं सोडली.

बारा पंचविसाला एकच दार बंद राहिलं होतं. रंगूबाईंचं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या.

"मी नाय येत बाय. माझा पोरगा वर हाय. खाली आला नि घर बंद दिसलं तर?"

मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. सबबी सांगायला वेळ नव्हता, आणि तोंडात सबब येतही नव्हती. "मावशी, अकरा दिवस चांगू हाका मारतोय. आम्ही ऐकत नव्हतो, यंत्र बंद होतं. आज ऐकलं. बारा पन्नासला इथे कुणी असायला नको, असं तो म्हणतोय."

खरं होतं की खोटं, अजून मला सांगता येत नाही.

त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली, त्यावर पाणी मारलं, पदर खोचला. "लहानपनापास्नं असाच," त्या म्हणाल्या, "एकदा वरडाया लागला की थांबायचा नाय."

ओढ्याचा साकव ओलांडताना खालच्या अंगाला सायरन पुन्हा वाजला. आपोआप, कुणी कळ दाबलेली नसताना. पण त्यात भुताटकी नव्हती. चार नंबरने तीनचा आकडा ओलांडला होता आणि दुरुस्त झालेल्या लॉगने तो वेळेवर लिहिला होता. घड्याळात बारा त्रेचाळीस. त्याच्यावर विसंबलो असतो तर सात मिनिटं मिळाली असती. त्रेसष्ट माणसांना सात मिनिटं!

शाळेच्या ओट्यावर रावजींनी माणसं मोजली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

आधी आवाज आला नाही. आधी वास आला, तोच खणलेल्या मातीचा, पण आता तोंडावर फुंकर मारावी तसा. मग धुक्यात वर कुठेतरी झाडं मोडायला लागली. आणि मग डोंगर आला. दिसला नाही, नुसता ऐकू आला. पायाखालची फरशी थरथरली. पोरं आयांच्या कुशीत शिरली. किती वेळ चाललं कोण जाणे.

धुकं विरळ झालं तेव्हा वाडीच्या जागी लाल माती होती. बालवाडी तेवढी कडेला वाचली होती आणि तिच्या भिंतीवरचा दिवा लाल होता.

आधी कुणी रडलं नाही. एका बाईने स्वतःच्या तीन पोरांच्या डोक्यांवर हात ठेवून मोठ्याने मोजलं, "येक, दोन, तीन," आणि ती हसायला लागली. मग सगळेच. रडत होते, हसत होते, एकमेकांना कवळत होते. रावजींनी मला उचललंच, साठीच्या माणसाने! "ताई, आख्खी वाडी हाय गो! येक पन मानूस कमी नाय!" रंगूबाई मात्र डोंगराकडे तोंड करून उभ्या होत्या. हात उंच केला, शाब्बास म्हणतात तसा.

दीपकसरांचा फोन संध्याकाळी आला. एवढंच म्हणाले, "सॉरी." पुढे भेटल्यावर त्यांना मी कागद दाखवला. ते पहिले ऐकणारे. रंगूबाई दुसऱ्या.

आता सगळ्या तालुक्याच्या पेट्या माझ्याकडे आहेत. दासगावपासून पाचाडपर्यंत सव्वीस वाड्या. लॉगवर लक्ष ठेवणारं वेगळं यंत्र बसवलंय. ओळ थांबली की धोका नाही असं ते समजत नाही, ओळ थांबली हाच धोका समजतं. करंजटेपची माणसं ओढ्यापल्याड नव्या घरांत राहतात. परवा तिथे बारसं झालं, मला मानाचं लुगडं नेसवलं. असं यश माझ्या धंद्यात कुणाला मिळत नाही. मला मिळालं, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

नऊ नंबर त्यानंतर कधी बोलली नाही. मी रोज बघते.

पण गेल्या सोमवारपासून एक दुसरीच पेटी बोलतेय. घाटमाथ्याकडच्या एका उतारावरची. दिवसातून एकच ओळ येते, कल ०.१. तारीख पुढच्या वर्षातली असते, जुलैची. घाबरायचं कारण नाही, या वेळी आपल्याकडे तास नाही, महिने आहेत. सगळी माणसं आरामात खाली आणू. सरांना सांगितलंय, तिथल्या पाटलांना सांगितलंय.

एवढंच आहे की त्या उतारावर आजपर्यंत एकही पेटी पुरलेली नाही. पहिली पेटी कालच कुरियरने आली, ती तिकडे कोपऱ्यात ठेवलीय, अजून खोकं फोडलेलं नाही. तिच्यावरचा नंबर मी लॉगमधल्या नंबराशी चारदा ताडून पाहिला. तोच आहे.

उद्या सकाळी ती पुरायला मीच जाणार आहे.